छत्तीसचा डायोड

१९८७च्या डिसेंबरात प्रेमदास अण्णाजींच्या वर्ध्यातल्या घरी आला आणि त्यानं एक सर्किट बोर्ड टेबलावर ठेवला. सेलूजवळच्या एका कापसाच्या जिनात सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे रेच्यांचा, तो मेकॅनिक होता. संध्याकाळी बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा.

"झाकण उघडलं का हा बोर्ड रेचा बंद करते," तो म्हणाला. "जिजाबाईनं अडकलेला कापूस काढाले झाकण उघडलं. रेचा फिरतच राह्यला. बायको होती माही. तिले कोणं मारलं, तेवढं सांगा. मले बोर्डवाल्याचा संशय आहे."

अण्णाजी विमा कंपन्यांसाठी अपघातांचा तपास करत. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला.

"आयसी, हुकूम देणारी चिप, जळली. शेजारचा डायोड मात्र शाबूत. छत्तीस व्होल्टचा."

"म्हणजे डायोडचा दोष नाही," त्यांचे मित्र चंद्रभान म्हणाले.

"बोर्डावर सगळीकडे लाख चढवली आहे. या डायोडच्याच डाखाच्या टाक्यांवर नाही."

बोर्ड बनवणारे वासुदेवराव गावातच राहत. आधीच घाबरलेले.

"बोर्ड बारा व्होल्टवर चालतो, आयसी पंचविसापर्यंत तगते. म्हणून पंधराचा डायोड निवडला. विजेचा झटका तो अंगावर घेतो. झटका फारच मोठा असला तर स्वतः शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, रेचा थांबतो. लाख मी शेवटी चढवतो, साहेब."

जिनाचे मालक मधुकरराव घाईत होते. "दसऱ्याले गाठी बांधाच्या प्रेसची मोठी मोटर चालू केली का रेचा थांबे. बायायले घरी धाडा लागे. दिवाळीपासून एकदाबी थांबला नाई."

"काय बदललं?"

"मले काय मालूम? मी मेकॅनिकले म्हटलं, रेचा थांबला नाई पायजे. बस."

परतताना चंद्रभान म्हणाले, "वासुदेवरावच खोटं बोलतात. चुकीचा डायोड लावून बसले."

"तसं असतं तर दसऱ्याला रेचा थांबला नसता," अण्णाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमदासला समोर बसवलं.

"वासुदेवरावांचा डायोड जळायचा, म्हणून रेचा थांबायचा. ते त्याचं कामच होतं. दिवाळीत कुणीतरी तो काढून छत्तीसचा बसवला. लाखेनंतर बसवला, म्हणून टाके उघडे. तीस व्होल्टचा झटका आला तरी छत्तीसचा जागा होत नाही. तो वाचला, आयसी मेली, आणि बंद करायचा हुकूम रेच्यापर्यंत गेलाच नाही. जिनात असा टाका घालणारा हात एकच आहे, प्रेमदास."

प्रेमदासनं डायोडवर बोट ठेवलं.

"मोठा आकडा म्हंजे जास्त दम, असं वाटलं मले," तो हळू बोलला. "रेचा थांबला का जिजाचीच मजुरी बुडे. माह्या दुकानातलाच डायोड होता. तिलेच सांगतलं होतं मी, आता थांबत नाई म्हणून. हासली होती ती."

"थांबू देऊ नको म्हणणारा मालक होता," चंद्रभान तावातावानं म्हणाले.

"त्यानं डायोडचं नाव घेतलं नाही," अण्णाजी म्हणाले. "कायदा त्याला धरणार नाही."

"मले धरू द्या. पण पोरगी रोज इचारते, मायले कोणं मारलं. तिले काय सांगू?"

अण्णाजींनी बोर्ड त्याच्यापुढून उचलून बाजूला ठेवला.

प्रेमदास उठला. रस्त्यावर डावीकडे पोलीस ठाणं होतं, उजवीकडे पोरीकडे नेणारी सेलूची एसटी. चंद्रभान खिडकीतून पाहत होते. तो कुठेच गेला नाही.