समोरच्याच्या मालाचं कौतुक

दवाखान्यांचं कंत्राट तिला मिळालं आणि तोही तिलाच मिळाला. बरं, हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. तिला स्वतःलाही अजून पत्ता नाही. ती आत्ता दवाखान्यांच्या मुख्य कचेरीत आपल्या पाळीची वाट बघत बसली आहे, लॅपटॉप शेवटचे आचके देतोय, आणि भिंतीतल्या एकुलत्या एका प्लगमध्ये भलत्याच कुणाची वायर आहे.

"घ्या," म्हणत त्याने आपली वायर उपटली. "समोरच्याला अंधारात हरवण्यात काय मजा?"

अर्धा बाजार खिशात घालून बसलेल्या डेटाबेस कंपनीचा तो विक्रेता. तिचीही कंपनी डेटाबेसचीच, पण बाजारातला वाटा इतका किडूकमिडूक, की तक्त्यात तो 'इतर' मध्ये ढकललेला असे. शाखेत माणसं दोन: ती आणि तिचा सख्खा काका. सकाळीच काका म्हणाला होता, "पोरी, हे गिऱ्हाईक गेलं की शाखेला कुलूप. मग मी दिवसभर घरी... तुझ्या काकूनं कुणाचं काय वाईट केलंय?"

आत संगणकप्रमुख बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. "स्वतःचे ढोल पुरे. समोरच्याच्या मालात चांगलं काय, ते सांगा."

ती गोलमाल उत्तर देणार होती. पण त्याच्याकडे बघितलं, तिथंच घात झाला.

"वीज जाऊ दे, मशीन जळू दे, यांच्यात एक नोंद इकडची तिकडे होत नाही. मला तर... हेवा वाटतो."

बोलून झालं आणि तिला कुलपाचा खटका स्पष्ट ऐकू आला.

मग तो उठला. "यांचा डेटाबेस लाखो रुग्णांतून एक शोधतो ना, तोवर नर्सचा चष्मासुद्धा नाकावर बसलेला नसतो..." तो बोलत राहिला, मुद्देसूद, गोड, खोकलाही न येता.

"यांचाच घेतला!" बाईंनी तिच्याकडे बोट दाखवत टेबलावर थाप मारली.

तो त्याच्या कंपनीतला सर्वांत चांगला विक्रेता होता. त्याला तो तरी काय करणार?

तिने त्याला जिन्यात गाठलं. "डोकं ठिकाणावर आहे का? नोकरी जाईल!"

"खरं तेच बोललो. तुमचा एकेक डेमो मागच्या रांगेत बसून पाहिलाय. कंपनीनंच धाडलं होतं, अभ्यासाला."

"मागच्या रांगेत? ती हिरवी टोपी... तुम्ही? मी एसीवाला समजत होते!"

"म्हणूनच दोनदा एसी बघायला सांगितलंत."

"आणि तुम्ही बघितलात!"

"दुरुस्तही केला."

ती हसली. "मग... झाला अभ्यास?"

"पहिल्याच डेमोत. पुढं आपला... येत राहिलो. आता मात्र विचारूनच यावं म्हणतो. तुमच्या घरी. कायमचा."

"टोपी न घालता या," ती म्हणाली, आणि कान लाल झालेले दिसू नयेत म्हणून भराभरा जिना उतरली.

संध्याकाळी त्याच्या मुख्य कचेरीत अर्ज दाखल झाला: "सदर कर्मचाऱ्याने आज एक ग्राहक गमावला असला, तरी प्रतिस्पर्ध्याची सर्वोत्तम विक्रेती आयुष्यभराच्या कराराने मिळवली आहे. तरी ही विक्री धरून यंदाचा उत्कृष्ट विक्रेता पुरस्कार, कमिशन आणि लग्नासाठी भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."