समोरच्या भिंतीवरची मावशी

दार लोटलेलंच होतं, म्हणून सरळ आत आले. उठू नकोस, वाच तुझं पुस्तक. हा छोटा दिवाच असू दे, मोठा लाइट लावू नकोस. आज डोळ्यांना उजेड सोसत नाही. नुसता कान इकडे ठेव म्हणजे झालं. पाणी नंतर बघू. तसंही तू कुठे विचारलंस म्हणा!

ऑफिसातल्या त्या स्क्रीनचं सांगायचंय. तू तेव्हा परगावी होतीस, तुला सगळं अर्धवटच ठाऊक आहे.

आमच्या साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. ते कुठल्याशा बड्या कंपनीत जाऊन आले, तिथे दारातच माणसाएवढी स्क्रीन, तिच्यावर पाहुण्याचं नाव आणि ‘सुस्वागतम्’. परत आल्या आल्या मला बोलावलं. “आपल्याकडेही अशीच हवी. तुम्हीच निवडा.” खुर्ची मोडली, नळ गळला, एसी बंद पडला, की ऑफिसात माझ्याच नावानं शंख होतो, तेव्हा हे झेंगटही माझ्याच गळ्यात पडणार होतं. वर म्हणतात कसे, “स्क्रीन आली की रिसेप्शनला माणूस लागणार नाही.”

माणूस म्हणजे आपली मावशी. ऑफिसात सगळेच तिला मावशी म्हणतात, पण ती आपली सख्खी, हे साहेबांना काय कौतुक? आई गेल्यावर तुझ्या-माझ्या वेण्या घातल्या त्या तिनेच. आणि तिचा सगळा जीव त्या खुर्चीत. एकदा आलेला माणूस पुन्हा आला, की “गुडघा कसा आहे आता?” असं विचारायची. खुर्ची जाणार हे कानावर गेलं तेव्हा ती गुडघ्यांना बाम चोळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “घरी बसवलंत तर मी विरून जाईन गं.”

“मी असताना तुला कोण हलवतो ते बघतेच,” मी म्हटलं. माझं तोंड तुला माहीतच आहे.

तरी स्क्रीन आणणं भाग होतं. एका दुपारी शोरूमला गेले. बाहेर रणरणतं ऊन, आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की गार, काळोखी, लांबलचक खोली. रंग नीट दिसावेत म्हणून तिथे दिवे लावतच नाहीत. दोन्ही भिंतींवर स्क्रीन. एकीवर समुद्र, एकीवर उमलत जाणारं फूल, एकीवर संथ पोहणारे मासे. आवाज कशालाच नाही. त्या निळ्या उजेडात चालताना पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. तिथेच आडवं होऊन झोपावंसं वाटलं.

दुकानदार मऊ बोलणारा, मऊ चालणारा. शेजारी येऊन उभा राहिला तरी कळलं नाही.

“घरच्या टीव्हीत आणि हिच्यात फरक काय हो?” मी विचारलं.

“घरचा टीव्ही दिवसभर चालवलात की धापा टाकतो, बाई. ही थकत नाही. हिला बटणंही नसतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चाळे करायला नकोत. सगळं रिमोटवर. तुमच्या लॉबीत काच आहे का? मग चांगली लखलखीत घ्या. नाहीतर दुपारी तिच्यात तुमचंच तोंड दिसेल.”

“ते बघायला आरसा आहे घरी,” मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, लॉबीचा फोटो असला तर आकाराचा अंदाज येईल.

मोबाइलमध्ये एक होता. मावशी टेबलामागे बसलेली, एक हात चष्म्याकडे नेलेला. त्यानं तो सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर लावला. मावशी एकदम खरीखुरी समोर येऊन बसली. एवढी, की मी जवळजवळ “काय गं?” म्हणाले. आणि त्या गार, बंद खोलीत मला बामचा वास आला.

आता वास काय, मनाचे खेळ. मी तीच स्क्रीन पसंत केली.

दुकानदारानं ती आधी चाचणीसाठी बसवली, मावशीच्या टेबलाच्या समोरच्या भिंतीवर. “रंग बघून घ्या” म्हणून तोच फोटो ठेवला, आणि रिमोट स्वतःच्या पिशवीत टाकून निघून गेला. लागून सुट्ट्या होत्या, तो गावाला पसार. स्क्रीनला बटण नाही, प्लग तिच्या मागे भिंतीत. आम्ही कुलूप घालून घरी गेलो, आणि रिकाम्या ऑफिसात सगळ्या सुट्टीभर मावशीच्या खुर्चीसमोर मावशी बसून राहिली.

सुट्ट्या संपल्यावर ती आली ती अगदी ओढलेली. “तब्येत बरी नाही का गं?” मी विचारलं.

“तब्येतीला काय धाड भरलीय? नुसती झोपून होते घरी. पण डोळा लागला की इथेच असायचे बघ. सगळीकडे अंधार, कोणी येत नाही, जात नाही. मी आपली समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेली. चष्मा सारखा करायचा म्हणून हात वर केला, तर तो खाली येईना.” आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही.

दुकानदार आला, फोटो काढून त्यानं ‘सुस्वागतम्’ लावलं. अक्षरांच्या मागे फिकट, करडी मावशी तशीच दिसत होती. चष्म्याकडे गेलेला हात आणि सगळं.

“एकच चित्र फार वेळ राहिलं की छाप बसते,” तो म्हणाला. “घाबरू नका. दिवसभर नुसता पांढरा रंग लावून ठेवतो. धुऊन निघते.”

त्यानं पांढरं लावलं. सगळी लॉबी त्या उजेडानं भरून गेली, सावलीसुद्धा उरली नाही. थोड्या वेळानं एक पाहुणा आला, मावशीच्या टेबलाशी उभा राहिला आणि मला हाका मारायला लागला, “अहो, रिसेप्शनला कोणी नाही का?” ती त्याच्या पुढ्यातच होती गं. “बसा ना,” असं म्हणतही होती. मग ती उठून काचेच्या दाराकडे गेली. ते आपोआप उघडणारं दार. ती समोर उभी राहिली, मागे सरकली, परत पुढे झाली… दार उघडलंच नाही.

मी वळून बघितलं, तर स्क्रीनवरची छाप अर्धी गेलेली.

“बंद करा!” मी ओरडले. दुकानदार दचकला. त्यानं पांढरं काढलं, आणि हळूहळू पाहुण्याला मावशी दिसायला लागली. “अरे, तुम्ही कधी आलात?” तो म्हणाला.

त्या दिवशी मी साहेबांशी कडाकडा भांडले. छाप धुवायची नाही, स्क्रीन बदलायची नाही, मावशीची खुर्ची हलायची नाही. नाहीतर मी निघाले. माझ्याशिवाय त्यांना साधी टाचणी सापडत नाही, त्यामुळे ऐकलं. मावशीची खुर्ची राहिली. केवढी खूश होती ती! जिंकले असंच वाटलं मला.

पण धाकधूक काही जाईना. रोज सकाळी मी आधी स्क्रीनसमोर उभी राहायचे. मावशी आहे ना? आहे. हात आहे ना? आहे. जीव भांड्यात पडल्याशिवाय कामाला हात लावायचे नाही. परवा बघते तर मावशीच्या खुर्चीमागे आणखी काहीतरी फिकट उमटलेलं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कोणीतरी उभं आहे. माझ्यासारखीच खांद्यावर पर्स… मी तर त्या फोटोत नव्हतेच गं. फोटो मीच काढलेला.

कोणाला बोलले नाही. काय सांगणार?

आज सकाळी ऑफिसात पोचले, आणि काचेचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. उभी राहिले, मागे सरकले, पुढे झाले… शेवटी कुरियरवाला आला, त्याच्या मागून आत शिरले. आत सगळं पांढरंफेक. मोठे पाहुणे यायचेत म्हणून साहेबांनी मला न विचारता दुकानदाराला बोलावलं होतं. मी ओरडले, त्याचा हात धरायला गेले. तो शांतपणे रिमोट पिशवीत टाकून निघून गेला. साहेब माझ्याच टेबलाशी उभे राहून म्हणत होते, “आज या बाई कुठे राहिल्या?”

फक्त मावशीनं मान वळवली. त्या उजेडात ती इतकी पुसट… तरी हसली. म्हणाली, “तूपण आलीस का गं?”

म्हणून धावत तुझ्याकडे आले. चालत आले, की कशी, आठवत नाही. रस्ता नुसता तरंगत गेला. तू ऑफिसात जा. दुकानदाराला गाठ. तुझं ऐकतील ते. अजून छाप थोडी शिल्लक असेल… ऐकतेयस ना?

पुस्तक मिटलंस, बरं झालं. आता बघ इकडे.

कोणाला फोन लावतेयस? माझ्या पर्समध्ये वाजतोय तो… ऐकू येत नाही तुला? इथेच तर बसलेय, तुझ्यासमोर.

“उचलत का नाही ही?” असं काय करतेस? “येते म्हणाली होती संध्याकाळी.” आलेय ना गं मी! कधीची आलेय…

थांब. का उठलीस? असं नाक वर करून काय हुंगतेयस?

“बामचा वास कुठून येतोय?”

ए… तिकडे नको जाऊस. बटणाला हात नको लावूस. मोठा लाइट नको गं, तुझ्या पाया पडते, मोठा लाइट न