जोर्माची हिवाळी चाकं

तौनोम्हातारा सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसला की आधी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकतो आणि वाफ निवेपर्यंत गप्प राहतो. त्या संध्याकाळी बाहेर मिट्ट काळोख पडला होता, आणि वरच्या फळीवर त्याचे दोन्ही जावई घाम पुसत बसले होते.

"हिवाळी टायर घातले का रे?" त्यानं धाकट्याला विचारलं.

"पडू दे की बर्फ, बाबा. आत्ताच कसली घाई? दुकानात केवढी रांग आहे."

म्हातारा एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. आज मारला नाही. म्हणाला, "टायरवाला आर्ने आठवतो ना? त्यानं दुकान का विकलं ते ऐका. सांगोवांगीचं नाही हे. अर्धं मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि अर्धं आर्नेनं याच फळीवर बसून सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी नाही."

तर तो दिवस होता सर्व संतांचा. नोव्हेंबरचा पहिला शनिवार. दुकानं बंद, आणि सगळा गाव कबरींवर मेणबत्त्या लावायच्या तयारीत. आर्ने दुपारी कॉफी पीत बसला होता. चार वाजता पुतणीचा फोन आला. सिनी तिचं नाव, वय एकोणीस. बापाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला ती ओउलू शहराहून निघाली होती.

"काका, मी अर्ध्या वाटेवर आलेय. पण इथं गारा पडायला लागल्यात. गाडी जरा नाचतेय."

"नाचतेय म्हणजे?"

"म्हणजे मागून ढुंगण हलवतेय. तुमच्या कुत्र्यासारखी."

ती हसली. आर्नेला हसू आलं नाही.

गाडी तिच्या बापाची, म्हणजे आर्नेच्या धाकट्या भावाची, जोर्माची. काळी, बुटकी, रस्त्याला पोट टेकवून पळणारी सेडान. सगळा जोर मागच्या चाकांवर. उन्हाळ्यात अशी गाडी म्हणजे लोणी, आणि हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती टाकली तरी कुठं पळेल याचा नेम नाही. जोर्मा ती रोज पुसायचा. बायको म्हणायची, माझ्या अंगावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाहीस.

मागल्या वर्षी याच आठवड्यात पहिला बर्फ पडला. आर्नेच्या दुकानाबाहेर तीस गाड्या लागल्या होत्या. जोर्मा आला, तर आर्ने म्हणाला, "घरच्या माणसाचा नंबर शेवटी. सोमवारी ये."

"बरं, शेठ. रांग संपली की फोन कर," असं म्हणून जोर्मा हसत गेला. शुक्रवारी संध्याकाळी तळ्याच्या वळणावर गाडी उन्हाळी टायरांवर घसरली आणि बाजूनं बर्चच्या झाडावर आदळली. जोर्मा जागच्या जागी गेला. बर्फात पकड घेणारी त्याची चार खिळेवाली हिवाळी चाकं आर्नेच्या कोठारात खुंटीवर तशीच लटकत राहिली.

पोरीनं उन्हाळाभर खपून गाडी दुरुस्त केली. सगळ्यांनी नको म्हटलं. ती ऐकेना. आर्नेनंच तिला सांगितलं होतं, "संतांच्या दिवसाला येशील तेव्हा रविवारी निवांत घालतो चाकं. गिऱ्हाइकांची गर्दी तोवर आटपते." हवामानवाले मंगळवारपर्यंत बर्फ नाही म्हणत होते.

म्हणजे पुन्हा तेच. घरचं माणूस शेवटी.

"सिनी, ऐक. पुढं पेट्रोलपंप लागेल. तिथं थांब. कॅफेत बस, काहीतरी गरम घे. मी चाकं घेऊन येतो. तिथून हलायचं नाही, कळलं?"

"कळलं हो, काका."

बायकोनं, इर्यानं, त्याला जॅकेट दिलं. "गेल्या आठवड्यातच बोलावून घेतलं असतंस तर..." ती म्हणाली.

आर्नेनं चाकं खुंटीवरून काढून व्हॅनमध्ये टाकली. त्यांच्या कडांना अजून खडूच्या खुणा होत्या. चाक काढलं की ते कुठल्या बाजूचं, पुढचं की मागचं, हे दुकानात खडूनं लिहून ठेवतात. जोर्मा लहानपणी दुकानात हाताखाली असायचा, तेव्हापासून तो लिहायचा नाही. मासा काढायचा. माशाचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूचं चाक. डोळा असला तर पुढचं, नसला तर मागचं. गिऱ्हाइकं हसायची. पण त्याची चाकं कधी चुकली नाहीत.

पावणेपाचला आर्ने निघाला. गारा थांबल्या होत्या, पारा उतरत होता. रस्ता आरशासारखा झाला होता. चाळीसच्या वर काटा नेता येईना. खिशात फोन थरथरला, पण आर्नेनं हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

पाच चाळीसला तो तळ्याच्या वळणावर पोचला.

वळणाच्या कडेला एक गाडी उभी होती. काळी, बुटकी. दिवे उघडझाप करत होते.

"सिनी!" आर्ने ओरडला. व्हॅनमधून उतरला, घसरला, सावरला.

गाडीत कुणी नव्हतं.

गाडीच्या पलीकडे एक माणूस गुडघ्यावर बसला होता. जॅक लावलेला. अंगात आर्नेच्याच दुकानाचा जुना निळा डगला. त्यानं मान वळवली नाही. नुसता हात मागं केला. चाक मागतात तसा.

त्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. लहानपणी दुकानाच्या यंत्रात गेलेलं.

आर्ने उभा राहिला. मग त्यानं व्हॅन उघडली. एक चाक काढून त्या हातात दिलं.

हात गार होता. ओला होता.

वर्षानुवर्षं दोघांनी मिळून केलेलं काम. एकानं द्यायचं, एकानं बसवायचं. समोरासमोरचे बोल्ट आवळायचे. काढलेल्या चाकावर खडू फिरवायचा. ते व्हॅनमध्ये टाकायचं.

एक झालं.

दोन.

तीन...

आर्नेचे डोळे वाहत होते. पण मनात एकच होतं. घातली जातायत. या खेपेला चाकं घातली जातायत.

चौथ्या चाकाला वेळ लागला. खडू बराच वेळ फिरत होता. मग तो माणूस, पाठ तशीच ठेवून, म्हणाला:

"रांग संपली का?"

"...संपली," आर्ने म्हणाला.

तेवढ्यात समोरून झगझगीत उजेड आला. घसरू नये म्हणून रस्त्यावर वाळू टाकणारा ट्रक. तेव्हा तो तौनो चालवायचा. त्या रस्त्यावर वाळू टाकायला त्या दिवशी तासभर उशीर झाला होता.

तौनोला दिसलं ते एवढंच. व्हॅनचं मागचं दार सताड उघडं, आणि मोकळ्या रस्त्याच्या कडेला आर्ने एकटाच गुडघ्यावर. हातात पाना. तो पाना हवेत फिरवून काहीतरी आवळत होता.

"आर्ने! काय करतोस? गाडी बंद पडली काय?"

आर्नेनं वर पाहिलं. शेजारी गाडी नव्हती. कुणीच नव्हतं.

मग ट्रकच्या उजेडात दोघांनाही दिसलं. रस्त्यावरून निघालेल्या दोन रेघा. कडेच्या गवतातून खाली गेलेल्या. तळ्याच्या काठावर पापुद्र्याएवढा बर्फ धरला होता. तिथं एक काळं भोक होतं. कडा अजून हलत होत्या... की वाऱ्यानं, कोण जाणे.

आर्नेनं फोन काढला. सिनीचा निरोप होता. चार पंचावन्नचा. "काका, सणामुळं कॅफे बंद आहे. गाडीत फार गारठलेय. हळूहळू पुढं येते."

आठ वाजता बचाववाल्यांनी गाडी वर ओढली. सिनी आतच होती. मनगटावर बापाचं घड्याळ होतं. ते पाच दहाला थांबलं होतं. आर्ने तिथं पोचला त्याच्या अर्धा तास आधी.

पोलीस भला माणूस होता. आर्नेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नका. चाकं हिवाळीच होती हो. चारही. खिळे नवेकोरे, बोल्ट नीट आवळलेले. पोरीनं सगळं बरोबर केलं होतं. अशा वळणावर नशिबापुढं कुणाचं चालत नाही."



घरी त्याला तौनोनंच पोचवलं. इर्या दारात उभी होती. तिला चेहऱ्यावरच कळलं. दुसऱ्या दिवशी आर्ने आणि तौनो जाऊन व्हॅन घेऊन आले. अंगणात आर्नेनं मागचं दार उघडलं.

आत चार उन्हाळी चाकं पडली होती. ओली. खाचांत तळ्याचं गवत अडकलेलं. चारहींवर खडू. ओल्या रबरावर खडू उमटत नाही. पण होता.

पहिल्या तीन चाकांवर एकेक मासा.

चौथ्यावर दोन होते. एक मोठा. आणि त्याच्या मागोमाग, शेपटीला तोंड लावून, एक लहान.