झरीचा चकवा

भर दुपारी आमच्या तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर एक परका तरुण अंगातलं जाकीट काढून उलटं घालत होता. मी हसू दाबत विचारलं, “आवो, उन्हानं डोकं फिरलं का काय?”

त्याचे कान लाल झाले. “फिरून फिरून याच बाभळीपाशी येतोय... इंग्लंडातल्या खेड्यांत पिक्सी नावाची चिमुकली भुतं वाट चुकवतात. कोट उलटा घातला की सोडतात म्हणे.”

“ती तिकडची. इथं चकवा असतो, आमच्या झरी गावचा! त्याला तुमचा उलटा कोट चालायचा न्हाई.”

“मग काय चालतं?”

“जिथं हाय तिथं गुमान बसायचं. कंटाळून जातो त्यो.”

तो खरंच बसला — माझ्याकडे बघत. नाव विरेश. परभणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, तिकडच्या भुताखेतांचा अभ्यास करायचा. मी रुद्राणी. चकव्यापासून विहिरीतल्या आसरांपर्यंत सगळ्यांशी माझी लहानपणापासून ओळख.

मग दर रविवारी त्याची वाट नेमकी आमच्याच शेतात चुकू लागली. मला कळत होतं. आवडतही होतं.

एकदा तो म्हणाला, “कॉलेजात कार्यक्रम ठेवलाय. तिकडची भुतं मी सांगतो, इथली तुम्ही सांगा.”

महादेवी मावशी धास्तावली. पुण्याचं एक स्थळ माझं ‘हाय-न्हाई’ ऐकूनच परत गेलं होतं. “पोरी, पुस्तकातलं बोल. न्हाईतर ह्यो बी जाईल हातचा.”

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजवर माईकपुढे उभी राहिले. समोर विरेश. मला तो गमवायचा नव्हता... पण पुस्तकातल्या भाषेत आमचा चकवा जिवंतच होईना.

“आमच्या झरीत चकवा हाय,” मी म्हणाले. “लय खोडील हाय!”

मागून कुणीतरी खिदळलं. मी थांबले नाही. हळूहळू सगळे कान देऊन ऐकू लागले, आणि शेवटी टाळ्या थांबेनात. आजीकडून आलेली माझी बोली! मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

हॉल रिकामा झाला. विरेश मात्र स्टेजच्या पायरीवर बसून होता.

“घरी जायचं न्हाई का?”

“वाट सापडंना...” तो हळूच म्हणाला. चक्क माझ्या बोलीत! “लय दिवसांपासून चकवा लागलाय. म्हून बसलोय, जिथं हाय तिथं.”

“आन् त्यो कंटाळून गेला तर?”

“न्हाई जायचा. झरीचा हाय.”

मी ओढणी सावरली, आणि त्याच पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले.