दुसऱ्या खुर्चीवरचं डोकं

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर धाकट्याने खरं तर घरीच जायचं होतं. बायकोने तसं बजावलंही होतं. पण खिशात दुकानाची किल्ली होती, आणि खिशात दुकानाची किल्ली असलेल्या माणसाचे पाय घराकडे सहजासहजी वळत नाहीत. त्याने शटर वर केलं, दिवा लावला आणि आरशावरची धूळ पुसायला घेतली.

धाकटा वयाने काही धाकटा नव्हता. अर्धे केस पिकलेला, दोन मुलींची लग्नं उरकलेला गृहस्थ होता. पण केस कापायच्या त्या दुकानात खुर्च्या दोन आणि माणसं दोन, त्यामुळे गल्लीने एकाला थोरला म्हटल्यावर दुसऱ्याला धाकटा होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघे भाऊ नव्हते. बहुधा म्हणूनच इतकी वर्षं एकत्र काम करून त्यांचं कधी वाजलं नाही. थोरला बोलका, इतका की नुसती दाढी करायला आलेला माणूस गप्पांच्या नादात केसही कापून जायचा. धाकटा घुमा. गिऱ्हाईक जमवायचं थोरल्याने आणि सांभाळायचं धाकट्याने, असं ते चालत आलं होतं.

दुपारी जेवणं झाली की दोघे शटर अर्धं खाली ओढायचे. मग एक जण खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि दुसरा मागे उभा राहून त्याचं डोकं दाबायचा. आज याचं, उद्या त्याचं. दिवसभर लोकांची डोकी हाताळणाऱ्या माणसाचं डोकं कोण दाबणार, तर हा असा शेजारी. दाबताना बोलायचं नाही, एवढाच नियम होता, आणि थोरला दिवसातून तेवढाच वेळ गप्प बसायचा.

तापाची साथ आली तेव्हा अशाच एका दुपारी दाबायचा दिवस धाकट्याचा होता. पण त्याला उभं राहवेना. थोरल्याने त्यालाच धरून खुर्चीत बसवलं, कपाळावर हात ठेवला आणि नियम मोडून ओरडला, "अरे, तवा झालाय तुझा!" शटर तसंच अर्धं ठेवून त्याने धाकट्याला स्कूटरवर मागे बसवलं, पंच्याने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि इस्पितळात नेलं. खाट मिळेपर्यंत तिथल्या माणसांशी भांडला. पुढे तोही तापला. दोघे एकाच इस्पितळात होते, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. धाकटा बरा होऊन घरी आला. थोरला आला नाही. ज्या माणसाने आपल्याला पाठीशी बांधून वाचवलं, त्याला 'दादा, तुमचे उपकार' एवढं म्हणायचंही राहून गेलं, हे धाकट्याच्या मनातून काही केल्या जाईना.

ताप गेला, पण डोकेदुखी मागे राहिली. कानशिलापासून सुरू व्हायची आणि दुपार होईतो सगळं डोकं आवळून टाकायची.

"विषाणू गेलाय," त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण पुष्कळांचं डोकं नंतर दुखत राहतं. काही आठवडे, कधी काही महिने. झोप घ्या, पाणी प्या, काम थोडं थोडं वाढवा. आणि ऊठसूट गोळी घेऊ नका, त्यानेही डोकं दुखतं. एकदम वाढलं किंवा दिसायला त्रास झाला, तर मात्र लगेच या."

काम थोडं थोडं वाढवायचं म्हणजे काय, ते धाकट्याला कळेना. अर्धी दाढी करून कुणाला घरी पाठवता येत नाही. दुकान सुरू केलं त्याच आठवड्यात ऐन कळ आली असताना वस्तरा जरा हलला आणि पोस्टमास्तरांच्या गालावर लाल रेघ उमटली. पोस्टमास्तर भले माणूस, हसून गेले. पण पुढच्या खेपेला आले नाहीत. गळ्याशी वस्तरा धरायचा तो हात थरथरतो अशी एकदा बोलवा झाली की दुकान बंदच म्हणायचं. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं.

मग एका दुपारी त्याने शटर अर्धं ओढलं आणि आपल्या खुर्चीत डोळे मिटून पडून राहिला. बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावरचा आवाज हळूहळू लांब गेला. साबणाचा आणि ओल्या पंच्यांचा नेहमीचा वास येत होता. मग त्या वासात आणखी एक वास मिसळला, इस्पितळात फरशी पुसतात त्या औषधाचा.

आणि त्याच्या डोक्यावर हात टेकले.

उजव्या कानशिलावर अंगठा नव्हता, वाकवलेल्या बोटाचं पेर होतं. थोरल्याचा उजवा अंगठा जुन्या दुखण्याने आखडलेला, म्हणून तो त्या बाजूला पेराने दाबायचा. धाकट्याने ते पेर ओळखलं. त्याने डोळे उघडले. आरशात तो एकटाच होता. मागे कुणी नव्हतं. पण कानशिलावरची त्याची कातडी आत दबत होती, सुटत होती, पुन्हा दबत होती.

"दादा...?" त्याने हळूच विचारलं.

हात थांबले. दाबताना बोलायचं नाही, हे धाकट्याला आठवलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. बराच वेळ काही झालं नाही. मग पेर पुन्हा फिरू लागलं.

शटर वर केलं तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि हात स्थिर होता. संध्याकाळपर्यंत त्याने चार दाढ्या केल्या, कुठे ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशीही हात आले, तिसऱ्या दिवशीही. भीती गेली असं नाही. पण भीतीच्या वरताण एक माया दाटून यायची. हा माणूस मेल्यावरसुद्धा आपल्यासाठी खेपा घालतोय, या विचाराने मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते पुसायचीही सोय नव्हती.

शेवटी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग खाली मान घालून पुन्हा भाजी निवडू लागली.

"रोज येतात भाऊजी?"

"रोज."

"आणि रोज तुम्हीच बसता?"

धाकट्याने होकारार्थी मान हलवली.

"अहो, तुमचं एक दिवसाआड ठरलेलं होतं ना?" बायकोने आवाज अगदी खाली आणला. "मग त्यांचं डोकं कोण दाबतंय...? त्याच तापाने गेले ते. दुखत नसेल त्यांचं?"

त्या रात्री धाकट्याला झोप लागली नाही. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या खुर्चीत बसला नाही. थोरल्याच्या खुर्चीवरचं कापड त्याने झटकलं, उशी सारखी केली आणि मागे जाऊन उभा राहिला. रिकाम्या खुर्चीमागे असं उभं राहणं म्हणजे खुळेपणाच होता. बाहेरून कुणी वाकून पाहिलं असतं तर इस्पितळाने बहुतेक परत बोलावून घेतलं असतं. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि हळूहळू खाली नेले.

हात मध्येच अडले.

बोटांखाली केस लागले. केसांखाली डोकं. कानामागे चष्म्याच्या काडीने पडलेली खाच होती, ती त्याच्या चांगली ओळखीची होती. आणि ते डोकं तापलेलं होतं. इतकं, की त्याने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"इतके दिवस असेच आहात...?" तो पुटपुटला. आता नियम मोडला तरी त्याला पर्वा नव्हती. "आणि असल्या डोक्याने रोज येऊन माझं दाबत होतात?"

खुर्ची किंचित करकरली. धाकट्याने पुन्हा हात ठेवले. कानशिलं दाबली, टाळूवर बोटं फिरवली, मानेच्या शिरा मोकळ्या केल्या. हात भाजत होते, तरी तो दाबत राहिला. दाबता दाबता इतके दिवस साठलेलं सगळं बोलून गेला. स्कूटर, पंचा, खाटेसाठी केलेलं भांडण, सगळं. "दादा, तुमच्यामुळे मी आहे," तो म्हणाला. "माझ्या मुलींना बाप आहे तो तुमच्यामुळे. फार उपकार झाले तुमचे. फार." घुम्या माणसाने आयुष्यात एका दमात केलेलं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

हळूहळू ती धग उतरली. आधी कपाळ निवलं, मग टाळू. शेवटी समाधानाचा एक लांब सुस्कारा ऐकू आला, अगदी थोरला सोडायचा तसा. आणि धाकट्याचे हात एकदम रिकाम्या हवेत खाली आले.

त्यानंतर त्याच्या कानशिलावर ते पेर कधी टेकलं नाही. टेकायची गरजही राहिली नाही. डोकेदुखी कमी होत गेली. आठवड्यातून एखादी कळ यायची, मग तीही येईनाशी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हटलं नव्हतं, वेळ जाऊ द्यावा लागतो? धाकट्याने हो म्हटलं. पोस्टमास्तर परत येऊ लागले. बायकोने थोरल्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. धाकट्याने तिला इतकंच सांगितलं, "वहिनी, दादांना आता त्रास नाही." कसं कळलं, असं तिने विचारलं नाही. तिने डोळ्यांना पदर लावला.

तरी रोज दुपारी शटर अर्धं ओढलं की धाकटा त्या खुर्चीमागे क्षणभर उभा राहायचा आणि हात पुढे करायचा. काही लागत नसे. एवढं ठीकच आहे, असं म्हणून तो डबा धुवायला जायचा.

परवा मात्र हात अडले.

त्याला आनंदच झाला. "दादा?" म्हणत त्याने बोटं फिरवली. कानामागे खाच नव्हती. डोकं लहान होतं, आणि केस मागे लांबवर गेलेले, वेणीत घट्ट गुंफलेले. पुरुषांच्या त्या दुकानात वेणी घातलेलं डोकं आजवर कधी बसलं नव्हतं. आणि तेही तापलेलं होतं.

धाकटा खिळून उभा राहिला. मग त्याला कळलं. बोलका माणूस. इस्पितळातल्या त्याच्या मजल्यावर, त्याच तापाने गेलेल्यांमध्ये, थोरला काय गप्प बसला असेल? आपल्याला कशाने बरं वाटलं, कोणत्या गल्लीत, कोण डोकं दाबून देतो, सगळं सांगितलं असेल त्याने. गिऱ्हाईक जमवणं हे त्याचंच काम होतं.

त्याने हात उचलले नाहीत. हे हात आता चालतात ते कुणामुळे, हे तो विसरला नव्हता.

"डोकं जरा मागे टेकवा, ताई," तो म्हणाला, आणि त्याने कानशिलांपासून सुरुवात केली.

मागे, गिऱ्हाइकं थांबतात त्या रिकाम्या बाकावर, कुणीतरी हलकेच खोकलं. आणि आणखी कुणाला तरी बसायला जागा व्हावी म्हणून शेजारचं कुणीतरी सरकलं.