भिंतीची डावी बाजू

सलग चार गुरुवार मी चुकीच्या खोलीत बसले, आणि त्याला कारण लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस होता.

आधी वस्तुस्थिती. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एकदा स्वतःचंच रक्त खोट्या नावाने तपासलं. यकृताचा आकडा हवा त्याच्या पाचपट निघाला. दुसऱ्या कुणाचा अहवाल असता तर लाल खूण करून लगेच डॉक्टरांकडे धाडला असता. स्वतःचा घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि दारू सोडणाऱ्यांची सभा शोधू लागले. पहिल्या सभेत प्रार्थनाच संपेना. दुसरीत एकवीस पुरुष होते, आणि त्यांतल्या एकाने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "ताई, मिस्टर नाही आले?"

तिसरी सभा एका शाळेत, गुरुवारी संध्याकाळी सहाला. दाराशी चहा ओतणाऱ्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डावीकडचा वर्ग दाखवला. उजवीकडे पिणारे बसत. डावीकडे पिणाऱ्यांच्या घरची माणसं. हे कळेपर्यंत मी मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते, आणि शेजारचा माणूस बाकाच्या लंगड्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होता.

"आता डुलणार नाही," तो म्हणाला. "निदान बाक तरी."

उठता आलं असतं. उठले नाही. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "आमच्या घरात... एकजण पितं." विधान खरं होतं. घरात मी एकटीच राहते, हे कुणी विचारलं नाही.

"नवरा?" सभेनंतर त्याने पायऱ्यांवर विचारलं.

"जवळची व्यक्ती."

"फार मोजून बोलता हो."

"मोजणं हाच माझा धंदा आहे."

"मग आपली जात एकच! लिफ्टचा दोर एकदम तुटत नाही, मॅडम. आतली एकेक तार तुटते. तुटलेल्या तारा मोजायच्या आणि वेळेत दोर बदलायचा."

"आणि मोजायचं राहून गेलं तर?"

"तर तुम्ही आपल्या जिन्याने जा."

हसताना तो खाली बघे — जणू हसू सांडलंय आणि कुणी पाहायच्या आत उचलायचंय. केवळ ते पाहायला मी पुढच्या गुरुवारी गेले. आणि त्याच्या पुढच्या.

तिसऱ्या गुरुवारी त्याने वडिलांबद्दल सांगितलं. शाळेतून आल्यावर तो आधी त्यांच्या शर्टाचा वास घेई, आणि मग दप्तर ठेवायचं की दप्तरासकट शेजारी जायचं ते ठरवी. शाळा सुटली, वास घेणं सुटलं नाही; बावीस वर्षं हे चाललं. शेवटी वडील मोरीत मेलेले सापडले. ऐकताना मी बाकाची कड घट्ट धरून होते. त्याला वाटलं, मला माझं घर आठवलं.

मी बुधवारी पीत नसे. गुरुवारी वास येऊ नये म्हणून. उरलेल्या दिवशी ते भरून काढी. त्या आठवड्यात आकडा सातपट झाला होता.

चौथ्या गुरुवारी पायऱ्यांवर तो बराच वेळ स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेत राहिला.

"सोडा त्याला," तो म्हणाला. "आमच्या आईला जमलं नाही. तुम्हाला जमेल. आणि सोडलंत तर... मी आहे. म्हणजे — चहाला. सुरुवातीला चहालाच."

"सोडता येत नाही."

"इतका जीव आहे त्याच्यावर?"

"नाही हो," मी म्हणाले. "ती व्यक्ती मी आहे."

तो एक पायरी खाली उतरला. एकच, पण मी मोजली.

"तुम्हाला शंकाही आली नाही?" मी विचारलं.

"न पाहण्याचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे." आवाज कोरडा होता. "कप दोन्ही हातांनी धरता. दिसत होतं. शेवटचं कधी?"

"मंगळवारी."

तो चालू लागला. घरी नाही, उजवीकडच्या वर्गाकडे. त्यांची सभा अजून चालू होती. त्याने दार उघडून धरलं आणि स्वतः बाहेरच थांबला.

तिथल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी आधी मला डॉक्टर गाठायला सांगितलं, मग नियम सांगितला: पहिलं वर्ष कुठलंही नवं नातं जोडायचं नाही.

"याला पुरावा काय?" मी विचारलं. "किती जणांचा अभ्यास?"

"एकीचा," बाई म्हणाल्या. "माझा. सहाव्या महिन्यात लग्न केलं, सातव्यात पुन्हा बाटली. बस, पोरी."

बाहेर आले तेव्हा तो पायऱ्यांवरच होता. मी नियम सांगितला.

"बावन्न गुरुवार," तो म्हणाला. "वाट पाहीन असं नाही म्हणणार. आमच्या घरात वाट पाहून झाली आहे सगळी." मग खाली बघत, "पण गुरुवारी मी डावीकडे असतोच. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

"कळलं."

"उजवीकडचे बाकही डुलतात म्हणे." त्याने खिशातून कागदाची एक घडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेला.

पुढच्या गुरुवारी मी दोन वर्गांमधल्या भिंतीलगतचा बाक निवडला. घडी पायाखाली सरकवली. डॉक्टरांच्या गोळ्यांवर हात जवळजवळ स्थिर होता. पाळी आली तेव्हा उभी राहून म्हणाले, "मी पिते. आज नववा दिवस, प्यायले नाही."

त्याच वेळी भिंतीपलीकडे एक बाक सरकला... आणि अगदी भिंतीला येऊन टेकला.

एका आवाजावरून निष्कर्ष काढता येत नाही. मी फक्त नोंद केली, आणि भिंतीला पाठ टेकून बसले.