ढालीच्या अंगाची जागा

माझी नात सोनिया सातारला दिली ते साल दोन हजार बावीस. मे महिन्यात लग्न झालं. तिचा बाप कृष्णात, म्हणजे माझा थोरला, तेव्हा लष्करात हवालदार होता आणि सरहद्दीवरच्या एका ठाण्यावर होता. लेकीच्या लग्नाला त्याला आठ दिवसांची रजा मिळाली. नवव्या दिवशी मी त्याला मिरज स्टेशनवर सोडलं. त्याच्या नोकरीचे अकरा महिने उरले होते. गाडीत चढताना म्हणाला, "आबा, एवढं वरीस निघालं की घरीच हाय मी." तेव्हापासून मी महिने मोजायला लागलो.

आम्ही आष्ट्याचे कुंभार. दिवाळीत पोरं दारात किल्ले करतात, त्यांच्यासाठी मी मातीचे मावळे करतो. त्या दिवाळीला शांतिनाथ मगदूम सर आमच्या अंगणात आले. सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मागे त्यांचं घर. त्यांनी एक मावळा हातात घेतला, खिशातून पट्टी काढली आणि त्याची उंची मोजली.

"भाऊसो, याच्या निम्मे करता येतील का? चाळीस ढाल-तलवारवाले, वीस तिरंदाज. सगळे अगदी सारखे हवेत. रंग नको."

"नातवाला का, सर?"

"नाही हो. मलाच."

मग त्यांनी सांगितलं. जुन्या लढाया टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांनी पुन्हा लढणारी शहाणीसुरती मोठी माणसं जगात आहेत. त्यांची नियमांची पुस्तकं असतात. आपल्या मुलखातल्या लढायांचं पुस्तक कोणी केलेलं नाही, ते सर करत होते. चालीचे नियम झाले होते. माऱ्याचे राहिले होते. बाण किती लांब जातो, ढालीमागच्या चाळिसांतले किती पडतात, हे फाशांवर बसवायचं होतं. त्यासाठी एकच मारा शंभर वेळा करून बघायचा आणि लिहून ठेवायचं.

मी सैनिक केले. माती ओली असताना प्रत्येक ढालवाल्याच्या पायाखाली सुईनं एकेक नाव कोरलं. मला लिहिता येऊ लागलं ते बासष्टाव्या वर्षी, सरांच्या मंडळी चंदनबाला बाई यांच्या साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून मोकळी जागा दिसली की हात लिहायला बघतो. गल्लीतल्या, भावकीतल्या चाळीस माणसांची नावं घातली. त्यात एक कृष्णात.

दिवाळीनंतर सरांनी मला वही लिहायला बोलावलं. रोज दुपारी तीन ते पाच. माडीवर मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड. एका बाजूला वीस तिरंदाज, समोर चार रांगांत चाळीस ढालवाले. सर पट्टीनं अंतर मोजायचे, फासे टाकायचे. किती बाण लागले ते फाशांवरून ठरायचं. कोणाला लागले ते ठरवायला हौजीचे एक ते चाळीस आकडे एका कापडी पिशवीत होते. एका माऱ्यात चार-पाच आकडे निघायचे. मी ते वहीत लिहायचो.

बाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली होती.

"आमच्यात साखरेचा हत्तीसुद्धा मोडून खात नाहीत, भाऊसो. आकार दिला की त्यात जीव मानायचा. माझ्या घरात कोणी कोणाला मारायचं नाही."

"अगं, फासे आहेत नुसते," सर म्हणाले.

"असू देत. ज्याला लागलं त्याला आडवा करा. मेला म्हणायचं नाही. आणि मारा संपला की मला हाक मारा."

मारा संपला की बाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत वर यायच्या, आडव्या झालेल्या प्रत्येकाला आपल्या हातानं उभं करायच्या आणि म्हणायच्या, "क्षमा असावी." चौघे पडले तर चार वेळा.

"जगातल्या एकाही नियमाच्या पुस्तकात हे नाही," सर हसायचे.

"मग तुमच्यात घाला," बाई म्हणायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शंभर मारे पुरे झाले. सरांनी माझी वही घेऊन आकडे मांडले. प्रत्येक सैनिक साधारण अकरा-बारा वेळा पडायला हवा होता. तसे पडलेही होते. कोणी नऊ, कोणी चौदा. फक्त सतरा नंबर एकदाही पडला नव्हता. आणि त्याच्या डावीकडचा, म्हणजे ढाल ज्या हातात असते त्या अंगाचा, तेवीस वेळा पडला होता.

सरांनी पिशवी टेबलावर उपडी केली. सतराचा आकडा होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला, उजेडात धरला, वजन करून पाहिला. इतर आकड्यांसारखाच होता.

"तुम्ही लिहायला चुकला नाहीत ना?"

"न्हाई, सर. सतरा निघालाच न्हाई."

मी सतरा नंबर उचलून उलटा केला. पायाखाली कृष्णात होता.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन बायकोला, भामाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "देवानं राखलाय त्याला," म्हणाली. "आन तुमी मातीच्या बाहुल्यांसंगं खेळताय ते सांगू नगा गावात."

सरांना मात्र झोप लागेना. एक सैनिक पडतच नसेल तर नियम खोटा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कृष्णातला उचलून चौथ्या रांगेत तेहतीसच्या जागी ठेवलं, तेहतीसच्याला सतराच्या जागी. पिशवी बदलली. फासे नवे आणले. पुन्हा मारे सुरू झाले. आता सतराचा आकडा सरळ निघू लागला. तेहतीस निघेना. आणि त्याच्या ढालीच्या अंगाला आलेला नवा गडी सारखा आडवा होऊ लागला.

त्याच सुमारास कृष्णातचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आबा, माझ्या शेजारचा परत बदलला बगा."

"का रं?"

"पाय मुरगाळला त्याचा. दोन दिवस पडून हुता, मग झाला उभा. त्याच्या आदीच्याला ताप आलेला. त्याच्या आदीचा पायरीवरनं घसरला. मरत न्हाई कोण. पडत्यात आन उठत्यात. पर पोरं आता चेष्टा करत्यात. कृष्णातशेजारी उभं ऱ्हाऊ नगा म्हणत्यात."

माझ्या हातातला फोन गार लागला.

"कुठल्या अंगाला उभी असत्यात रं ती?"

"डाव्या. का वो?"

"काय न्हाई. जेवलास का?"

रात्रभर मी हिशेब लावत होतो. बाई उभं करतात म्हणून तिकडची पोरं उठतात का, हे कोणाला विचारणार? खेळ थांबवावा असं एकदा वाटलं. पण थांबवला आणि जे काही कृष्णातला राखत होतं तेही थांबलं तर? अजून साडेचार महिने होते. आणि चालू ठेवला तर रोज दुपारी कोणाचा तरी मुलगा आडवा करायचा.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले.

"योगायोग आहे," म्हणाले. "पण तपासता येईल. काय करू या?"

"त्याच्या डाव्या अंगाला कोण ठिवू नगा. ती जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

तसं केलं. कृष्णातला रांगेच्या डाव्या टोकाला नेला. त्याच्या पलीकडं नुसतं हिरवं कापड.

पहिला मारा गेला. दुसरा, तिसरा.

चौथ्या माऱ्यात सरांनी पिशवीत हात घातला, मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर कृष्णातचा आकडा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बघा," सर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "नियम बरोबर आहे."

त्यांनी हात पुढं केला तसा मी कृष्णातवर ओंजळ धरली.

"भाऊसो, आडवा करायचा फक्त. बाई उभा करतील."

"न्हाई."

"काही होत नाही हो त्यानं."

"कायच हुत न्हाई तर मग नगाच करू, सर."

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहू दे. आजचा मारा मोडा." सरांनी आकडा पिशवीत टाकला.

त्या संध्याकाळी मी एक सैनिक केला आणि त्याच्या पायाखाली माझं नाव कोरलं. चुलीतच भाजला. त्याचा एक कान काळा झाला. तो मी कृष्णातच्या ढालीच्या अंगाला उभा केला. सरांनी त्याच्यासाठी एक्केचाळीसचा आकडा पिशवीत टाकला. दुसऱ्याच माऱ्यात तो पडला. बाईंनी उभा केला, क्षमा मागितली. रात्री मला थंडी भरून आली. चार दिवस मी अंथरुणावर होतो. पाचव्या दिवशी उठलो, भाकरी खाल्ली. कृष्णातचा फोन आला. तिकडं त्या आठवड्यात कोणी आजारी पडलं नव्हतं.

सर मला बघायला घरी आले होते. तोपर्यंत त्यांनी तो काळ्या कानाचा गडी उलटा करून वाचला होता.

"वय काय तुमचं?"

"सत्तरच्या पुढं."

"या वयात थंडीताप येतोच. त्याला तुम्ही मातीचा पुरावा करता." त्यांनी खिशातून तो सैनिक काढून माझ्या उशाशी ठेवला. "याच्या जागी मी आलोय. कंपासच्या टोकानं नाव लिहिलंय माझं. शंभर मारे करणार. मला काही झालं नाही की तुमचा घोर मिटेल, आणि माझं पुस्तक पण पुरं होईल."

"नगा करू, सर."

"पोराबाळांनी घाबरावं. तुम्ही काय?"

"आवं, ऐका की त्यांचं," भामाबाई चहा देत त्यांनाच म्हणाली. "म्हातारा लय हट्टी हाय, पर उगंच बोलत न्हाई."

सरांनी चहा संपवला आणि हसत गेले.

त्यानंतर दोन आठवडे मी रोज जात होतो. त्यांचा गडी पडायचा. ते संध्याकाळी कमरेला शेक घ्यायचे, नाहीतर डोकं बांधून बसायचे. बाई उभं करायच्या. सकाळी ते ठणठणीत असायचे आणि मला टोमणा मारायचे, "बघा, अजून आहे मी."

जानेवारीत बाई शेजारणींबरोबर बाहुबलीला दर्शनाला गेल्या. जाताना सांगून गेल्या, मी येईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही.

मी त्या दिवशी तीनलाच गेलो. खालचं दार उघडं होतं. मी हाक मारली. वरून उत्तर आलं नाही.

जिना चढलो.

पंखा चालू होता. वहीची पानं हलत होती. वहीत सरांच्या अक्षरात चार आकडे लिहिलेले होते, पाचव्याची जागा मोकळी.

टेबलावर चार गडी आडवे होते. चौथा कृष्णातच्या ढालीच्या अंगाचा.

सर खुर्चीच्या डावीकडं खाली पडले होते. कुशीवर, हात अंगाजवळ घेऊन. कोणी जपून आडवं केल्यासारखे.

मी आधी त्यांच्याकडं गेलो नाही. आधी टेबलाकडं गेलो. तो गडी उभा केला. तो पुन्हा पडला. पुन्हा केला. "क्षमा असावी," म्हणालो. तीन वेळा म्हणालो.

मग खाली वाकून सरांचा हात धरला. तो गार होता.

शांतिनाथ सर एकोणीस जानेवारी दोन हजार तेवीसला दुपारी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाईंनी तेराव्यानंतर सगळे सैनिक भुसा भरलेल्या पेटीत आडवे निजवले आणि पेटी माळ्यावर टाकली. कृष्णातला मी मागून घेतला. उभाच धरून घरी आणला आणि फळीवर उभा ठेवला. त्याच्या शेजारी काही ठेवलं नाही.

तीस एप्रिलला कृष्णात निवृत्त झाला. अंगाला ओरखडा नाही. मे महिन्यात सोनियानं आम्हा सगळ्यांना सातारला जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. कृष्णात जेवायला बसला तो डावा खांदा भिंतीला चिकटवून. त्याला आता तशीच सवय होती, असं सून म्हणाली. गाडीतसुद्धा डावीकडची खिडकी धरतो.

भामाबाई कटाची वाटी घेऊन आली.

"सर की जरा तिकडं. येवढ्या वरसांनी घरला आलाय, आन भिताडाला बिलगून बसलाय."

"आये, हिकडं बस. उजव्या अंगाला."

"का? डाव्या अंगाला आई चावती व्हय?"

सगळे हसले. ती गुडघा टेकून त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये घुसली, बसली, त्याच्या ताटात वाटी ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. कृष्णातनं घास तसाच हातात धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडलं होतं. ती उठली असती तर ती जागा मोकळी राहिली असती, टेबलावर राहिली होती तशी. मी पोळी मोडली आणि खाली बघून जेवलो.

भामाबाई चार जून दोन हजार तेवीसला, रविवारी सकाळी गेली.